बारा भोकांची चादर

बुधवार, ४ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र आणि सोबतचं गाठोडं भिंतवाले दादा तुझ्या हातात देतील. आमच्या गॅलरीत भिंतींवर चित्रं लावायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना भिंतवाले म्हणतात. दर गुरुवारी ते तुमच्या गावच्या सुताराकडून चौकटी आणतात. माणूस विश्वासाचा आहे, चहा दोनदा विचारलास तरच घेईल.

फोन केला नाही, कारण काकांचा फोन कायम स्पीकरवर आणि काका म्हणजे चालतं वर्तमानपत्र. ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहायला हवी.

गाठोड्यात एक पांढरी चादर आहे. ती चादर नाही, कलाकृती आहे. ज्यांची आहे त्यांना इथे सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. नाव घ्यायची गरज पडत नाही, इतके मोठे. त्यांचं प्रदर्शन अठ्ठावीस तारखेला उघडतंय. काल माल आला. खोकं उघडताना कटरचं पातं मी जास्त बाहेर काढलं आणि चादर फाटली. डाव्या कडेजवळ, बोटभर. खोलीत मी आणि दादाच होतो. दादांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्या ओळखीत कुणी रफू करणारं आहे का?” मावशी, मला हसू आलं आणि मग रडू आलं.

मॅडमना, म्हणजे गॅलरीच्या मालकिणींना, कळलं तर मी त्याच दिवशी घरी. एकतीस तारखेला माझे सहा महिने पुरे होतात. त्या दिवशी एकतर कायम नाहीतर टाटा. इथे उतरंड फार कडक आहे. मॅडम आणि सर पुढच्या दाराने येतात, मी आणि दादा मागच्या. विकत घेणाऱ्यांना चहा काचेच्या कपात, चित्रं लावणाऱ्यांना कागदी. मी पुढच्या टेबलावर बसते, पण पाहुण्यांनी बाथरूम कुठे आहे एवढं विचारलं तरच बोलायचं. कायम झाले की चित्रांबद्दल बोलता येतं. मला ते बोलायचंय मावशी, त्यासाठीच चार वर्षं शिकले.

जिथे फाटलंय तिथे असं रफू कर की देवालासुद्धा दिसू नये. दादा पुढच्या गुरुवारी न्यायला येतील.

तुझी खारूताई

—

गुरुवार, १२ मार्च

चि. खारूताईस,

तुझं गाठोडं पोचलं, आणि दादा बाहेर चहा घेत आहेत तेवढ्यात हे लिहिते. (दोनदा विचारावं लागलं.)

आधी रागावून घेते. कापड धुऊन का नाही पाठवलंस? रफूचं कापड धुऊन आणून द्यायचं, हा माझा नियम तुला लहानपणापासून ठाऊक आहे. चार वर्षं माझ्याकडे राहिलीस, दारावरची ती पाटी तूच रंगवून दिली होतीस. मळक्या कापडावर धागा नीट बसत नाही, मग उगाच रफूला नावं. मीच धुतली शेवटी. साबणाने, हलक्या हाताने, आणि सावलीत वाळवली. पिवळसरपणा गेला आहे. खळ घालायला वेळ नव्हता.

दुसरं म्हणजे, मावशीपासून लपवू नये. तू एक लिहिलंस, चादर उलगडली तर बारा. एक कटरचं, ते ओळखू येतं. बाकीची अकरा भाजल्यासारखी, काळ्या कडांची, गोल. सिगारेटची आहेत. तू ओढत नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा तुमच्या कचेरीत जो कोणी ओढतो त्याला सांग की बाबा रे, दुसऱ्याच्या कापडावर राख झाडू नये. एकदम बारा सांगायची तुला लाज वाटली असणार. पण एक काय नि बारा काय, कुऱ्हाडीचा दांडा माझ्याच घरचा आहे.

सगळी केली. रोज सकाळी देवाचं झालं की खिडकीपाशी बसत होते, उजेड सरला की उठत होते. जळक्या कडा बारीक कात्रीने काढून टाकल्या, नाहीतर नवा धागा त्यांना धरत नाही. धागा बाहेरचा नाही वापरला, याच चादरीच्या दुमडीतून ओढून काढला. उभे भरले, मग आडवे एक सोडून एक. ओलं करून वाटीच्या बुडाने दाबलं. आता हात फिरवलास तर कळेल, डोळ्याला नाही कळायचं.

एक गंमत सांगते. चादरीत आधीचंही एक रफू आहे. उजव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने ३१४ असा आकडा काढलाय, त्याच्या वर चार बोटांवर. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असेल. धागा दुसऱ्या चादरीचा आहे, घाईत केलंय, पण ताण कुठे कमी-जास्त नाही. मी पंचवीस वर्षं हेच करते आहे, तरी मला दुसऱ्या दिवशी सापडलं. ज्या कोणी बाईने केलं तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि माझी सुई तिथून लांब ठेवली.

पैशांचं विचारू नकोस. जेवत जा वेळेवर.

मावशी

—

शुक्रवार, १३ मार्च

मावशी,

काल संध्याकाळी दादांनी चादर उलगडली आणि आम्ही दोघं अर्धा तास भोकं शोधत राहिलो. शेवटी दादा म्हणाले, “बाईंचा हात म्हणजे काय हात आहे,” आणि मग डोक्याला हात लावून खाली बसले.

चूक तुझी नाही. सगळी माझी. ती अकरा भोकं म्हणजेच ती कलाकृती आहे. सरांनी स्वतः पाडलीत, स्वतःच्या सिगारेटने. तिचं नाव ‘अकरा वर्षं’. सरांची आई जाऊन अकरा वर्षं झाली, वर्षाला एक. कॅटलॉगात तिला पूर्ण पान दिलंय: “कलाकाराच्या कौटुंबिक संग्रहातील वस्त्र. येथे छिद्र हे नुकसान नसून उपस्थिती आहे.” पाच महिने मी हे पान पाहुण्यांच्या हातात देतेय. इतक्या वेळा वाचलं की मला ती भोकं दिसेनाशीच झाली. म्हणून तुला लिहिताना ‘जिथे फाटलंय तिथे’ असं लिहून मोकळी झाले. माझ्या लेखी फाटलेलं एकच होतं.

आणि तू ती धुतलीस. कॅटलॉगात तो पिवळेपणा ‘काळाचा रंग’ आहे.

तुझ्यावर रागावले नाही. पण आता एकच उपाय आहे. पुढच्या गुरुवारी, एकोणीसला, दादा परत येतील. अकरा ठिकाणचं रफू उसवून दे. भोकं होती तशी होतील. सर सोमवारी, तेवीसला बघायला येणार आहेत. मॅडमनी अजून खोकं उघडून बघितलेलं नाही.

पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक.

खार

—

मंगळवार, १७ मार्च

चि. खारूस,

दोन ओळींत मावणार नाही.

रफू उसवलं की जुनं भोक परत येत नाही. जळक्या कडा मी काढून टाकल्यात, म्हणजे आता उसवलं तर मोठं आणि स्वच्छ भोक पडेल, कात्रीचं. त्यांचं ते नाहीच राहणार. मग ते लपवायला मी उदबत्ती घेऊन कडा जाळायच्या का? माझ्या हातून भोक पडणार नाही, खारू. या हातांना एकच काम येतं. चादर पाठवू नकोस.

तेव्हा उपाय एकच आहे आणि तो तुला आवडणार नाही. सोमवारची वाट न बघता जा आणि मॅडमना सांग. कटर माझ्या हातातून निसटला, चादर मी मावशीकडे पाठवली, मावशीने सगळंच शिवून टाकलं. तीन वाक्यं आहेत. खोटं बोलायला बसलीस तर तीस लागतील आणि ती पाठही ठेवावी लागतील.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची मुद्दाम टाळली होती. दादा चहा पिता पिता म्हणाले, “त्या संग्राहक मावशी तुम्हीच का? मॅडम सारखं विचारतात, ताईंच्या मावशींचा कापडांचा संग्रह बघायला कधी मिळेल.” मी म्हटलं, हो, मीच ती. चिंध्यांची. ट्रंकेत दोन गाठोडी आहेत, आणा तुमच्या मॅडमना. दादा इतके हसले की चहा सांडला, आणि मग ओशाळले. बोलून चुकले असं त्यांना वाटलं.

तू काय सांगितलं असशील ते माझ्या लक्षात आलं. “मावशीकडे जुन्या कापडांचा खूप साठा आहे” असं म्हणाली असशील. शब्द तर सगळे खरेच आहेत. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण दिवा लावताना विचार केला, पोरगी मागच्या दाराने जाते, कागदी कपात चहा पिते, तिने नाकापेक्षा मोती जड केला तर निदान मोती तरी माझ्या नावाचा घातला.

आता तो काढून ठेव आणि जा. तुझे हात थरथरतील. थरथरू देत, तिथे सुई धरायची नाहीये.

मावशी

—

शुक्रवार, २० मार्च

मावशी,

सांगितलं. काल दुपारी. तुझी तीन वाक्यं पाठ केली होती, तिसऱ्यावर अडखळले.

मॅडम पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, “तुझ्या मावशी संग्राहक आहेत ना?” मी म्हटलं, “नाही मॅडम. दहावी झाल्यात, घर बघतात आणि रफू करतात. दारावर पाटी आहे.” हे बोलल्यावर मला इतकं हलकं वाटलं की पुढचं ओरडणं मी जवळजवळ आनंदाने ऐकलं. बोलणी खरंच खूप बसली. मग त्यांनी सरांना फोन केला आणि सर तासाभरात आले.

आम्हाला चादरीला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालावे लागतात. सरांनी उघड्या हाताने घेतली. खिडकीपाशी नेली, चष्मा लावला, काढला, परत लावला. दहा मिनिटं शोधत होते. शेवटी म्हणाले, “कुठे होती?” मला सांगता येईना. दादांनी जागा दाखवल्या, त्यांना सगळ्या तोंडपाठ.

सर ओरडले नाहीत. चादर घडी करून ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. मॅडम म्हणाल्या, भरपाई, वकील, वगैरे. तेव्हा सर वळून म्हणाले, “थांबा. ही अशीच लावू. हा याच कामाचा पुढचा टप्पा आहे. आधी छिद्र, मग छिद्राची अनुपस्थिती.” मॅडमचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पाच मिनिटांत सगळं ठरलं. कॅटलॉगात चिकटवायला नवा कागद छापायचा: कलाकाराने एका ग्रामीण कारागिराच्या हातून स्वतःची छिद्रं बुजवून घेतली.

सोबत एक कागद आहे. त्यावर तुझी सही हवी. काम तू सरांच्या मार्गदर्शनाखाली केलंस, कलाकृती सर्वस्वी त्यांची, एवढंच. मानधनही आहे. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सही आणलीस तर एकतीस तारखेचं पत्र तयार आहे.” नाही आणली तर काय, ते म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

मावशी, कागद खोटा आहे हे मला कळतं. पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही, चादर वाचते, मी वाचते. तुझं नाव तसंही कुठे आलं नसतं. दादांचं येतं का? सुताराचं? इथे भिंतीवर नाव एकाचंच असतं.

तू ठरवशील ते.

खारू

—

सोमवार, २३ मार्च

चि. खारूस,

कागद दोनदा वाचला. तुझ्या काकांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, “भाषा छान आहे.” काकांना कळलंय आता, तेव्हा साऱ्या गल्लीला कळलंय. तेही बरं झालं.

सही करत नाही. तू म्हणतेस कुणाचं नुकसान नाही. मला तर होतंय. हे काम मी त्यांच्या सांगण्यावरून केलेलं नाही, तुझ्या सांगण्यावरून केलंय. त्यांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. रोज सकाळी देवासमोर बसून मग त्या चादरीवर बसत होते, आणि आता लिहून देऊ की कुणीतरी मला वाट दाखवत होतं? ज्याने दाखवली त्याचं नाव मला ठाऊक आहे, ते या कागदावर नाही. आणि ग्रामीण कारागीर कोण? आपल्या गावाला दोन सिनेमा थेटरं आहेत.

तुझी नोकरी गेली तर? हा विचार केला नाही असं समजू नकोस, दोन दिवस तोच केला. गेली तर तू इथे येशील, तुझी खाट आहे तशी आहे, आणि दुसरी शोधशील. तुला चित्रांबद्दल बोलायचंय ना? पहिलं बोलणंच खोटं केलंस तर पुढे कुठल्या तोंडाने बोलणार?

मात्र नुसता नकार देऊन बसणारी मी नाही. माझ्या चुकीने त्या गृहस्थांचं काम बिघडलं आहे, तेव्हा माफी मागणं मला भाग आहे. सोबत त्यांना पत्र आहे. पाकीट उघडं ठेवलंय, तू वाच, पण मॅडमच्या हातात देऊ नकोस. त्यांच्याच हातात दे.

मावशी

(सोबतचं पत्र)

सरांना नमस्कार.

मी तुमच्या गॅलरीतल्या मुलीची मावशी. तुमची चादर मी शिवली. भोकं तुम्ही आईच्या आठवणीसाठी पाडली होती हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर हात लावला नसता. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. कागदावर मात्र सही करता येत नाही, कारण त्यात लिहिलंय तसं झालेलं नाही. झालं ते असं: भोकं तुमची, रफू माझं. एवढंच लिहायचं असेल तर तुमच्या नावाइतक्याच अक्षरात माझं नाव खुशाल लिहा. नाहीतर लिहू नका. मानधन नको.

आणखी एक सांगायचं होतं. उजव्या कोपऱ्यात ३१४ आहे, त्याला मी हात लावलेला नाही. पुस्तकात कौटुंबिक संग्रह असं छापलंय. हल्ली बघावं त्याच्या घरी संग्रहच असतो, माझ्याही आहे असं ऐकते. पण घरच्या चादरीला कोणी आकडा घालत नाही. लॉजमध्ये घालतात, दवाखान्यात घालतात, धुवायला गेलेली परत ओळखू यावी म्हणून. त्या आकड्याच्या वर चार बोटं एक जुनं रफू आहे. माझं नाही. डोळ्याला दिसणार नाही, डोळे मिटून बोट फिरवा. खूप धुणी धुतलेल्या हाताचं ते काम आहे. कपडा ओला असताना किती आवळतो हे ज्याला ठाऊक असतं तोच धागा एवढा सैल ठेवतो. तुमची अकरा भोकं त्या जागेपासून दूर पडली हे बघून मला बरं वाटलं.

आपली,
एक रफू करणारी

—

गुरुवार, २६ मार्च

मावशी,

तुझं पत्र काल पोचलं. वाचलं आणि तीनदा पाकिटात घालून तीनदा काढलं. ३१४ बद्दल लिहिलंस ते सरांना द्यावं की नाही कळेना. दादांना विचारलं. ते म्हणाले, “बाईंनी धाग्याला जपलंय, माणसालाही जपलंच असेल. द्या.”

सर आज सकाळी आले. मॅडम अजून यायच्या होत्या. मी पाकीट दिलं आणि बाहेर जायला निघाले तर म्हणाले, थांब. उभ्यानेच वाचलं. मग चादर मागितली, कोपरा शोधला आणि तू लिहिलंस तसे डोळे मिटले. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबलं. तिथून ते हलवेनातच.

मग ते जमिनीवर बसले, मावशी. पाच महिन्यांत मी त्यांना खुर्चीशिवाय पाहिलेलं नाही. दादा गोंधळून तेही खाली बसले, मग मीही बसले. सर म्हणाले, “आई लॉजच्या चादरी धुवायची. फार फाटलेली असेल ती मालक देऊन टाकायचा. आम्ही तिच्यावर झोपायचो.” थोड्या वेळाने म्हणाले, “तिने कधी शिवली हे मला माहीत नाही. मी झोपलेला असणार.” आणि मग, दादांकडे बघून, “इतकी वर्षं कौटुंबिक संग्रह म्हणतोय मी.” दादा म्हणाले, “कुटुंबाचीच आहे की मग. खोटं फक्त संग्रह होतं.” सर हसले. दादांशी बोलताना हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मॅडम आल्या तेव्हा आम्ही तिघं जमिनीवर, कागदी कपांतून चहा पीत होतो. सर म्हणाले, पाटी बदलायची. भोकं मुलाची, रफू दोन बायांचं, आणि खाली तीन नावं, सारख्या अक्षरात. पहिलं त्यांच्या आईचं. मॅडम म्हणाल्या, “तीन नावं? सोसायटीची पाटी वाटेल.” सर म्हणाले, “वाटू दे.”

मग प्रश्न आला की दाखवायचं काय, भोकं तर दिसतच नाहीत. तो दादांनी सोडवला. म्हणाले, भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे टांगा आणि मागून दिवा सोडा. टांगली. मागून उजेड आल्याबरोबर तुझी बारा रफवं दिसली, दाट, ढगांच्या ठिपक्यांसारखी. आणि कोपऱ्यात तेरावं. सर त्याच्यापुढे उभे राहिले आणि सिगारेट काढायला खिशात हात घातला, मग तसाच बाहेर काढला.

कायम केलं की नाही विचारशील. मॅडम म्हणाल्या, आणखी तीन महिने बघू. मी म्हटलं, बघा, मीही बघते. हे तोंडातून कसं निघालं माहीत नाही. पण शनिवारी त्या चादरीबद्दल पाहुण्यांशी मीच बोलायचं, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

तू ये. दादा गाडीने आणतील. पुढच्या दाराने यायचं आणि माझा हात धरून यायचं.

खारूताई

—

सोमवार, ३० मार्च

चि. खारूताईस,

सुखरूप पोचलो. काकांनी वाटेत दादांना सगळी गॅलरी परत समजावून सांगितली, दादा हो हो म्हणत राहिले. माणूस फार सोशिक आहे.

तू बोलत होतीस तेव्हा मी मागे उभी होते. एका बाईंनी रिकामा ग्लास माझ्या हातात दिला, मी तिथली समजून. मी घेतला आणि टेबलावर ठेवला, काय मोठंसं. नंतर त्याच बाई पाटीपाशी उभ्या होत्या आणि तू माझ्याकडे बोट दाखवून “ही माझी मावशी” म्हणालीस. त्या आल्या, ग्लासाबद्दल माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, ग्लास तिकडे ठेवलाय, हवा असेल तर. त्या हसल्या, मग आम्ही खूप वेळ बोललो. त्यांच्याकडे एक शाल आहे, कोपरा कसरीने खाल्लाय. धुऊन पाठवा म्हटलं.

तू छान बोललीस. एक सुधारणा. “मावशीने चुकून शिवली” असं म्हणालीस. चुकून नाही. भोक दिसलं म्हणून शिवली.

मावशी

—

गुरुवार, ९ एप्रिल

आदरणीय बाई,

भिंतवाल्या दादांबरोबर एक उशीचा अभ्रा पाठवतो आहे. याच्याही कोपऱ्यात ३१४ आहे. कपाटाच्या तळाशी होता. शिवणीजवळ विरला आहे. भोक मी पाडलेलं नाही, वापरून पडलं आहे.

हा प्रदर्शनासाठी नाही. उशीला घालायचा आहे. रफू कराल का?

तुमचा नियम मला तुमच्या भाचीने सांगितला आहे. तरी धुतलेला नाही. धुवायला धीर झाला नाही.

—

सोमवार, १३ एप्रिल

सरांना नमस्कार.

अभ्रा मिळाला. काम होण्यासारखं आहे. बाजूचा धागा चांगला आहे, शिवणीतून काढता येईल. दोन सकाळींचं काम.

परंतु अभ्रा तसाच परत पाठवत आहे. धीर का झाला नाही ते समजते. पण तुमच्या आईने जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. त्यांच्या घरचं कापड मळकं परक्या बाईच्या हातात गेलं, हे त्यांना चाललं असतं का, तुम्हीच सांगा.

कोमट पाणी घ्या. थोडा साबण. मशीनला देऊ नका, नोकराला देऊ नका, स्वतः धुवा. चोळायचं नाही, दाबायचं. आकड्यापाशी जरा जपून. पिळू नका, सावलीत टाका.

वाळला की पाठवा. मी वाट बघते.

रफूवाल्या बाई